उत्तरेची मोकळी जागा

मिशनवाडीच्या देवळात कितीही गर्दी झाली, नाताळला माणसं पायऱ्यांवर उभी राहिली, लग्नात नवरीकडची मंडळी बाहेर उन्हात तिष्ठली, तरी उत्तरेच्या भिंतीलगतच्या मोकळ्या जागेत कोणी पाऊल टाकत नसे. आठदहा खाटा मावतील एवढी ती जागा. तिथं बाक नाही, चटई नाही, साधी फुलदाणीसुद्धा नाही. एखादा नवखा माणूस चुकून तिकडे सरकलाच, तर शेजारचा त्याची बाही धरून त्याला अलीकडे ओढायचा. का, म्हणून विचारलं तर म्हातारी माणसं एवढंच सांगत, की आमचे वाडवडील तिथं उभे राहत नसत, म्हणून आम्हीही राहत नाही.

देऊळ तसं लहानच. नाशिक रोडहून सिन्नरकडे जाताना डाव्या हाताला एक वाट आत शिरते. पूर्वी तिथं भाजीचे मळे होते. आता चारचार मजली सोसायट्या आहेत आणि त्यांच्या मधोमध काळ्या दगडाचं, कौलारू छपराचं हे देऊळ अंग चोरून उभं आहे. शेजारी घंटेचा मनोरा आणि मागे बालवाडीची एक खोली. दारावर पाटी आहे: प्रेसबिटेरियन चर्च, मिशनवाडी, स्थापना १८९९. बाहेरच्यांना तो शब्द धड उच्चारता येत नाही आणि आतल्यांपैकी निम्म्यांना त्याचा अर्थ सांगता येत नाही. अर्थ सोपा आहे. इथं बिशप नाही. मंडळीने, म्हणजे इथल्या भाविकांनी, निवडलेले सहा वडील पंचांसारखे आणि एक पाळक, म्हणजे पाद्री, मिळून कारभार पाहतात, आणि जे काही करायचं ते ठराव करून करतात. आसपासच्या मंडळ्या मोठ्या चर्चमध्ये सामील झाल्या तेव्हा मिशनवाडीच्या वडिलांनी ठराव केला, की आपण आहोत तिथंच बरे आहोत. ठरावांची त्यांना भारी हौस. छपराची गळती बंद करण्याचा ठराव २०११ साली एकमताने मंजूर झाला आहे. गळतीखालची बादली अजून तिथंच आहे.

या देवळाचा इतिहास लिहिला तो विमलाबाई आढाव यांनी. १९९९ साली शताब्दी आली, तेव्हा बाई चाळिशीच्या होत्या, शाळेत मराठी शिकवत होत्या आणि सुंदर अक्षराबद्दल प्रसिद्ध होत्या. मंडळीने त्यांना स्मरणिका लिहायला सांगितली आणि कपाटातलं सगळं दप्तर त्यांच्या हवाली केलं. त्यात पहिल्या दहा वर्षांच्या सभांची वही होती, पण ती मोडी लिपीत. बाईंना मोडीचं एक अक्षर येत नव्हतं, आणि मराठीच्या बाईंनी ते चारचौघांत कबूल कसं करायचं! त्यांनी वही परत कपाटात ठेवली आणि म्हाताऱ्यांना विचारून विचारून पुस्तक लिहिलं.

एकोणिसाव्या पानावर मात्र अडलं. उत्तरेच्या जागेबद्दल कोणाला काही माहीत नव्हतं आणि छापखान्याचा माणूस दारात येऊन बसला होता. बाईंनी पेन उचललं आणि लिहिलं: 'सन १९०३ च्या प्लेगात मंडळीतील ज्या भावाबहिणींना प्रभूने बोलावून घेतले, त्यांच्या स्मरणार्थ ही जागा रिकामी ठेवण्याची प्रथा आहे.' हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. उत्तर भिंतीच्या दगडावर १९०३ कोरलेलं होतं, त्या काळात प्लेग होता, माणसं गेली असणार, जागा रिकामी आहे, म्हणजे कारण असंच काहीतरी असणार. आपण खोटं लिहितोय असं त्यांना वाटलंच नाही. पान पुरं झालं, एवढंच वाटलं.

लोकांना ते पान फार आवडलं. वर्षभरात घराघरांत प्लेगात गेलेल्या पणज्या आणि खापरपणजोबा सापडले. दर जूनमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना होऊ लागली. सुरुवातीला त्या प्रार्थनेला बाईंची मान खाली जायची. पुढे पुढे ती जाईनाशी झाली, आणि पाचसहा वर्षांत खुद्द बाईंनाच ते खरं वाटू लागलं.

अशी पंचवीस वर्षं गेली. २०२४ साली देवळाला सव्वाशे वर्षं होत होती आणि पाळक म्हणून जीवन भालेराव आले होते. वय बत्तीस, गिटार वाजवणारा, लाघवी माणूस. त्यांनी स्मरणिका एका बैठकीत वाचली आणि पान एकोणीसपाशी त्यांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, आपल्या शहिदांची जागा अशी ओसाड का? तिथं स्मारक करू, आणि वर्धापनदिनी लेकरं त्याभोवती उभी राहून गातील. वडिलांनी लगेच ठराव केला. हा ठराव मात्र, काय नवल, अंमलात आला. काळ्या ग्रॅनाईटची पुरुषभर उंच शिळा आली. तिच्यासाठी जुन्या फरशीवरच दोन पायऱ्यांचा चौथरा बांधायला मल्हारी गवंडी आला.

वर्धापनदिन रविवारी होता. गुरुवारी दुपारी बाई काम पाहायला गेल्या. खरं तर मिरवायलाच गेल्या होत्या. शिळेवर त्यांचंच वाक्य कोरलं होतं. मल्हारीने त्यांना पाहून थापी खाली ठेवली.

"बाई, तुमी हितल्या जुन्या. ह्या फरशीखाली काय हाय?"

"काय असणार? माती."

मल्हारीने पहार उचलली आणि तिचं बूड मधल्या वाटेतल्या फरशीवर आपटलं. ठक्क आवाज आला. मग तो चौथऱ्याच्या कडेला आला आणि तिथं हलकेच आपटलं. आवाज खालून आला, सावकाश, घुमत.

"मातीचा आवाज असा नसतो. पाळकसायबांना बोललो मी. ते म्हनले, उंदरांची बिळं असतील. एवढाले उंदीर मी तर नाय बघितले बाई."

बाई हसल्या. हसत हसतच बाहेर आल्या आणि फाटकाशी थबकल्या. देवळात त्या चाळीस वर्षं येत होत्या. तिथं कोणी कधी काही आपटलंच नव्हतं, मग आवाज कळणार कसा?

नव्या आवृत्तीसाठी म्हणून त्यांनी उन्हाळ्यात मोडी वहीच्या पानांचे फोटो एका जाणकाराला दिले होते. धोंडीराम पगार त्यांचं नाव, निवृत्त तलाठी, जेल रोडला राहत. वाचून झालंय, सोमवारी आणून देतो, असा त्यांचा निरोप होता. बाईंना सोमवारपर्यंत दम निघेना. शुक्रवारी सकाळीच रिक्षा करून त्या त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. पगारांनी चहा टाकायला सांगितला, चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. लग्नं झाली, बाप्तिस्मे झाले, घंटा विलायतेहून आल्याचं झालं. मग हे आलं, पटकी म्हणजे कॉलरा हे पगारांनी वाचता वाचताच सांगितलं:

'जून १९०३. पटकीचा उपद्रव झाल्याने आवारातील विहिरीचे पाणी बंद केले आहे. देवळाची उत्तर भिंत पुढे नेल्यामुळे सदर विहीर आत आली. तूर्त तीवर सागाच्या तुळया टाकून फरशी केली आहे. पाऊसकाळ सरल्यावर विहीर बुजवावी. तोपर्यंत त्या जागी कोणी बसू अगर उभे राहू नये, असा ठराव सर्वानुमते मंजूर.'

"आणि पुढं?" बाईंनी विचारलं.

"पुढच्या जूनमध्ये एकदा आहे. 'विहीर बुजवण्याचे राहिले आहे, ते सत्वर करावे, असा ठराव मंजूर.' झालं. त्यानंतर वही संपेपर्यंत विहिरीचं नाव नाही."

बाईंनी चहा घेतला नाही. एकशेवीस वर्षं माणसं त्या जागेला बिचकून होती, तो धाक विहिरीचा होता. धाक उरला आणि विहीर विसरली गेली. त्या रिकाम्या जागेत बाईंनी प्लेग आणून बसवला होता. आणि आता त्या प्लेगाच्या नावाने तिथं शिळा उभी होती. रविवारी बत्तीस मुलं तिच्याभोवती उभी राहणार होती, आणि त्यांत पुढच्या रांगेत त्यांची नात होती, नऊ वर्षांची चैताली.

शनिवारी दुपारी वडिलांची सभा होती. बाईंनी पगारांच्या अक्षरातला कागद टेबलावर ठेवला. शलमोन रणपिसे, वडिलांतले सर्वांत जुने, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, त्यांनी तो दोनदा वाचला आणि समाधानाने घडी घातली.

"मग झालं की, विमलाबाई. १९०४ चा ठराव आहे. विहीर बुजवली."

"बुजवावी असा ठराव आहे, शलमोनभाऊ. बुजवली असं कुठं लिहिलंय?"

"आपल्या मंडळीत ठराव मंजूर झाला म्हणजे काम झालं."

"छपराचा ठराव झालाय. मग ती बादली कशाला ठेवलीय?"

दोघेतिघे हसले. शलमोन हसले नाहीत. त्यांनी खिशातून स्मरणिका काढली. पान दुमडून ठेवलेलं होतं.

"जागा विहिरीमुळे सोडली, तर मग हे काय? 'प्लेगात ज्या भावाबहिणींना'... हे तुम्हीच लिहिलंय ना? माझी आजी गेली प्लेगात. आम्ही पंचवीस वर्षं तिच्यासाठी प्रार्थना करतोय."

हीच ती वेळ होती. एक वाक्य बोलायचं होतं: ते मी मनाने लिहिलं. बाईंनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. यांतल्या तिघांना त्यांनी बाराखडी शिकवली होती. पंचवीस वर्षं ही माणसं त्यांना पाहून खुर्ची द्यायची. बाई म्हणाल्या, "कदाचित... माझी माहिती अपुरी असेल."

अपुऱ्या माहितीला कोण भितं! पाळकांनी प्रेमाने त्यांचा हात हातात घेतला. "बाई, मल्हारीची चार माणसं चार दिवस तिथं वावरली. शिळा उभी आहे. काही झालं का? पाहुणे यायचेत, लेकरांनी दोन महिने सराव केलाय. उद्याचा दिवस जाऊ द्या, सोमवारी मी स्वतः इंजिनियर आणतो." मग मत घेतलं. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे व्हावा, यासाठी सहापैकी पाच हात वर गेले. सहाव्या वडिलांचा डोळा लागला होता.

बाई घरी आल्या त्या थेट चैतालीजवळ जाऊन बसल्या. सून भाग्यश्री स्वयंपाकघरात होती. चैताली पांढऱ्या फ्रॉकला इस्त्री करून घ्यायची म्हणून तो मांडीवर घेऊन बसली होती.

"चैतू, उद्या तू नको जाऊस गाण्याला. तुला ताप आलाय म्हणून सांगू आपण."

"पण मला ताप नाही, आजी."

"नसू दे. तुला नवीन स्केचपेन घेऊन देते."

चैतालीने थोडा विचार केला. स्केचपेनांचा तिला मोह पडला होता, हे दिसत होतं. मग ती म्हणाली, "चालेल. माझ्या जागेवर मग रिबेका उभी राहील. तिला पुढं उभं राहायचंच होतं."

रिबेका म्हणजे शेजारच्या शुभांगीची मुलगी. समोरच्याच इमारतीत राहायची आणि परवापर्यंत बाईंच्या ओट्यावर बाहुल्या मांडायची. बाईंना एकदम स्वतःची किळस आली. खोटं एकदा लिहून भागलं नव्हतं. आता आपण नातीच्या तोंडून दुसरं वदवायला निघालो, आणि तेही दुसरीचं पोर आपल्या पोराच्या जागी उभं करून! त्यांनी चैतालीच्या हातातून फ्रॉक घेतला आणि स्वतः इस्त्रीला बसल्या. बाहीवर एक सुरकुती राहून गेली, ती त्यांना काही केल्या मोडता आली नाही.

रविवारी देऊळ गच्च भरलं. नाशिकहून पाहुणे आले होते, सिन्नरहून आले होते. शिळेवरचा पडदा काढला गेला. बाईंचं वाक्य सोनेरी अक्षरांत लखलखत होतं आणि कित्येकांनी डोळे टिपले. पाळकांनी गिटार गळ्यात अडकवली आणि मुलांना खूण केली. रांग निघाली. पहिली सातआठ मुलं चौथऱ्यावर चढली तेव्हा शिळेच्या बुडाशी बारीक धूळ उडाली. नव्या सिमेंटची असेल, असं कोणालाही वाटलं असतं.

विमलाबाई उभ्या राहिल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. वर्गात म्हणायच्या तशाच म्हणाल्या, त्यामुळे मुलं जागच्या जागी थांबली. "पाळकसाहेब, मला बोलायचंय. त्या शिळेवर जे लिहिलंय ते खोटं आहे. मी मनाने लिहिलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. मला मोडी येत नव्हती, पान रिकामं होतं, म्हणून मी प्लेग लिहिला. तिथं कोणाचंही स्मरण नाही. तिथं विहीर आहे, आणि ती बुजवल्याचा कागद नाही."

शलमोन रणपिसे बाकावरून अर्धे उठले आणि तसेच राहिले. त्यांच्या चेहऱ्याकडे बाईंना पाहवेना. पंचवीस वर्षं ज्या आजीसाठी ते गुडघे टेकत होते, ती बाईंनी भर देवळात त्यांच्यापासून हिरावून घेतली होती.

तिसऱ्या बाकावरून शुभांगी बोलली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच तो सगळ्यांना ऐकू गेला. "बाई, तेव्हा खोटं लिहिलंत म्हणता. मग आज खरं बोलताय कशावरून?"

बाईंनी हात जोडले. "नको विश्वास ठेवूस. मला खोटारडी म्हण, पुस्तक जाळ. फक्त पोरं तिथून खाली घ्या. गाणं इथं मधल्या वाटेत म्हणू द्या. मी पाया पडते तुमच्या."

पाळकांनी वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी एकमेकांकडे पाहिलं. ठराव कालच झाला होता, तो फिरवायला सभा बोलवावी लागली असती. तेवढ्यात भाग्यश्री म्हणाली, "चैतू, उतर गं खाली." मग शुभांगी उठली. ती चौथऱ्याजवळ गेली, लांबूनच हात पुढे करून तिने रिबेकाला मनगटाला धरून ओढलं. मग एकेक आई उठली. ठराव नाही, मत नाही, चौथरा रिकामा झाला. मुलं मधल्या वाटेत दाटीवाटीने उभी राहून गायली आणि वाईट गायली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आशीर्वाद झाला आणि सगळे बाहेर मांडवात जेवायला गेले.

बाईंच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. वाढणाऱ्या मुलीने त्यांच्या ताटात भात टाकला तो वर न बघता. पाहुण्यांना काय वाटलं असेल, या वयात बाईंना हे काय सुचलं, असं मागच्या टेबलावर चाललं होतं. सकाळपासून त्यांना वाटत होतं, की खरं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. विहीर बुजवलेली असेल, आपण उगीचच आपलं आणि शलमोनभाऊंचं हसं करून घेतलं, असं त्यांच्या मनात आलं, आणि विहीर बुजवलेलीच निघावी अशी त्यांनी मनापासून इच्छा केली.

गोड वाढायला घेतलं होतं तेव्हा देवळातून आवाज आला. मोठा नव्हता. लाकूड पिचल्यासारखा आधी एक, मग दुसरा. मग एक गडगडाट झाला, तो जमिनीखाली जात जात लहान झाला. आणि ज्या क्षणी तो संपला असं वाटलं, त्या क्षणी फार खोलवर पाणी आपटलं.

उघड्या दारातून धूळ बाहेर आली. सगळ्या आया एकदम ओरडल्या. ज्यांची पोरं मांडीवर होती त्याही ओरडल्या. पाळक यादी हातात घेऊन मुलं मोजायला लागले. बत्तीस भरली. त्यांनी पुन्हा एकापासून सुरुवात केली, आणि बत्तीस भरल्यावर आणखी एकदा. मल्हारी तेवढा दारापर्यंत गेला आणि डोकावून परत आला.

"शिळा बी नाय, चौथरा बी नाय," तो म्हणाला. "नुसतं काळं हाय."

शलमोन रणपिसे बाईंसमोर येऊन उभे राहिले. त्यांनी खिशातली स्मरणिका काढली आणि बाईंच्या ताटाशेजारी ठेवली. कोणी तरी बाईंच्या पाया पडलं. पाळक रडत होते. बाई खुर्चीतच बसून होत्या आणि समोर मुलांचा घोळका होता. त्यांना वाटलं, संपलं. देवाने आपल्याला सोडवलं.

तेवढ्यात शुभांगी आली. रिबेकाला तिने कडेवर घेतलं होतं, नऊ वर्षांच्या मुलीला. ती धापा टाकत होती. ती मांडवाकडे, मांडवामागच्या बालवाडीच्या खोलीकडे, घंटेच्या मनोऱ्याकडे, सगळ्या आवाराकडे एकदा पाहून आली होती.

"बाई," ती म्हणाली, "त्या पुस्तकात आणखी काय काय मनाने लिहिलंय?"

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. काहीच नाही, असं म्हणायला विमलाबाईंनी तोंड उघडलं. मग त्यांनी पान पान आठवून पाहिलं. मनोऱ्याचा पाया किती खोल ते लिहिलं होतं. बालवाडीची खोली कशावर उभी आहे ते लिहिलं होतं. ते कोणी सांगितलं होतं का? आवाज तर सगळ्या पानांचा सारखाच होता. पंचवीस वर्षं त्यांनी ते इतक्यांदा वाचलं होतं, की आता सगळंच खरं वाटत होतं.

"मला आता आठवत नाही, शुभांगी," त्या म्हणाल्या.

शुभांगीने पोरीला घट्ट धरलं आणि ती फाटकाकडे चालू लागली. पाय जपून टाकत, आधी टाच दाबून पाहत. तिच्यामागून बाकीच्या आया आपापली पोरं घेऊन तशाच निघाल्या.